नमकीन कारखान्यात नोकरी करत पीएचडी: करार, विषय आणि कढईवरचे प्रयोग (इंदूर)

सांवेररोडकर
मंडळी, इंदुरात सांवेर रोडवर मध्यम आकाराचा नमकीन कारखाना आहे. रोज साधारण एक टन माल निघतो, त्यात निम्मी शेव. क्वालिटी बघणारी मुलगी अन्नतंत्रज्ञानात एम.टेक. आहे. तिने नोकरी न सोडता पीएचडी करावी आणि विषय कारखान्यातलाच घ्यावा, असं मालकांच्या मनात आहे. पैसे घालायची तयारी आहे. अट एकच, मसाल्याचं प्रमाण बाहेर जाता कामा नये.

विद्यापीठाशी बोलणी सुरू करण्याआधी काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पार्टटाइम नोंदणी खरंच चालते का? करारात काय लिहून घ्यावं? आणि विषय कसा निवडावा, म्हणजे कंपनीला उपयोग होईल आणि परीक्षकही "हा तर कारखान्याचा रिपोर्ट झाला" असं म्हणणार नाहीत? सध्या "तळणीच्या तेलातल्या टीपीसीची वाढ" असं काहीतरी डोक्यात आहे (टीपीसी म्हणजे टोटल पोलर कंपाउंड्स, तेल तापून बिघडताना त्यात साठणारे पदार्थ).

शिकंजी
चालते. यूजीसीने पीएचडीचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्याने काढले, त्यात पार्टटाइमला स्पष्ट परवानगी आहे. मात्र कंपनीच्या एनओसीत (ना-हरकत पत्रात) तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: कर्मचाऱ्याला पार्टटाइम पीएचडीची परवानगी आहे, नोकरीचं काम सांभाळून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी तिला कामातून मोकळं केलं जाईल. "आमची हरकत नाही" एवढ्या एका ओळीचं पत्र हमखास परत येतं, आणि त्या फेरीत प्रवेशाची तारीख निघून जाते.

मालकांना आधीच सांगून ठेवा की कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं. म्हणजे एक सत्र तरी आठवड्यातले काही दिवस ती वर्गात असणार. दिवाळीच्या सीझनमध्ये हे सत्र येत नाही ना, ते कॅलेंडर उघडून बघा. मुदत किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, पुनर्नोंदणी केली तर आणखी २. महिलांना त्यावर २ वर्षांची सवलत आहे, पण एकूण १० च्या पुढे नाही. पार्टटाइम म्हणून मुदत वाढवून मिळत नाही, हा गैरसमज फार आहे. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने पीएचडी होत नाही, कोणी तसं विकत असेल तर सोडून द्या.

प्रवेशाचं म्हणाल तर २०२४ पासून यूजीसीने नेट या पात्रता परीक्षेचे गुण पीएचडी प्रवेशालाही लागू केले. जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) न मिळालेल्यांसाठी नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार, आणि ते गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. आता गंमत अशी की यूजीसी नेटमध्ये फूड टेक्नॉलॉजी असा वेगळा विषय नाही, होम सायन्समधून जावं लागतं. गेट या अभियांत्रिकीच्या पात्रता परीक्षेच्या एक्सई पेपरमध्ये मात्र फूड टेक्नॉलॉजीचा भाग आहे. ज्या विद्यापीठात जायचं तिथल्या चालू अधिसूचनेत काय काय ग्राह्य आहे ते बघूनच परीक्षेचा फॉर्म भरा.

गाइड निवडताना दोन आकडे बघायचे. प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी, याच्यावर जागा नाही. आणि निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. कंपनीतला माणूस कितीही जाणकार असला तरी मुख्य मार्गदर्शक होत नाही. विद्यापीठाने मंजूर केलं तर सह-मार्गदर्शक, एवढंच.

लष्करकर
ग्वाल्हेरहून एक भर. इंदूरचं कृषी महाविद्यालय आमच्या इथल्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठाखाली येतं. तिथे क्रेडिट, सल्लागार समिती सगळं आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) चौकटीत चालतं, आणि नोकरी करत पीएचडी हा प्रकार त्या चौकटीत अवघड बसतो. खंडवा रोडवरची सोयाबीन संशोधन संस्था ही डिग्री देणारी संस्था नाही, पण सह-मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा म्हणून फार उपयोगी. नोंदणी इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठात आणि एखादं विश्लेषण तिथे, अशी जोडणी करता येते. त्यासाठी संस्थेच्या संचालकांच्या सहीचं पत्र लागतं, शास्त्रज्ञाच्या तोंडी होकारावर भागत नाही.

गल्लेवाला
मालकाच्या बाजूने बोलतो. यात आम्हाला काय मिळणार, हे कोणी सांगत नाही. टीपीसी तर मीटर घालून कळतोच. त्यापेक्षा शेवेतलं तेल एक टक्का कमी करून दाखवा. रोज पाचशे किलो शेवेला ५ किलो तेल वाचलं. तेल १३० रुपये धरा, ६५० रुपये रोज. पीएचडीचा खर्च वर्षात वसूल.

कढईवाला
गल्लेवाला भिया, हिशोब चुकतोय. शेव वजनावर विकता. ५ किलो तेल कमी झालं तर पाकिटाचं वजन भरायला तेवढंच बेसन जास्त जाणार. समजा तेल १३० आणि बेसन ९० रुपये, तर वाचले किलोमागे ४०, म्हणजे दिवसाला २०० रुपये. आणि ज्या दिवशी बेसन तेलापेक्षा महाग असतं त्या दिवशी कमी तेलाची शेव तुम्हाला उलट महाग पडते. तेल कमी करण्याची खरी कारणं वेगळी आहेत: पाकिटावरचा फॅटचा आकडा, पाकिटाच्या तळाशी साठणारं तेल, आणि खवटपणा. हे प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात नीट मांडलं नाही तर उद्योगातला परीक्षक तिथेच पकडतो.

आता सांवेररोडकरांच्या टीपीसीकडे. विषय चांगला आहे, पण "वाढ" हा शब्द अडचणीत आणेल. शेवेच्या कढईत ती वाढ बहुधा दिसणारच नाही. कारण सांगतो.

तुमची शेव दिवसाला ५०० किलो, आठ तासांची पाळी, म्हणजे तासाला साधारण ६२ किलो. शेवेत ३८ टक्के तेल धरलं तर तासाला साडेतेवीस किलो तेल मालाबरोबर बाहेर जातं आणि तेवढंच ताजं तेल कढईत ओतावं लागतं, हीच भरपाई. कढईत ९० किलो तेल असेल तर चार तासांच्या आतच तेवढं तेल नवीन येऊन जातं. ताज्या तेलाचा असा मारा चालू असताना टीपीसी काही अंशी चढतो आणि मग एका पातळीवर अडकून राहतो. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा २५ टक्के आहे, १ जुलै २०१८ पासून लागू. चालू कढई तिच्या जवळपासही जाणार नाही. तीन वर्षं नमुने गोळा करून आलेख सपाट निघाला तर मुलीने लिहायचं काय?

मग लोक काय करतात, तर विद्यापीठात दोन लिटरचा टेबलावरचा फ्रायर घेतात, शंभर-शंभर ग्रॅमचे घाणे काढतात आणि वरून ताजं तेल घालत नाहीत. आलेख मस्त चढतो. पण एका घाण्यात ३८ ग्रॅम तेल जातं, म्हणजे दोन लिटर तेलाची एक फिरत पूर्ण व्हायला, म्हणजे तेवढं तेल मालाबरोबर बाहेर जायला, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस घाणे लागतात. शिवाय लहान भांड्यात तेलाच्या मानाने हवेला लागणारा पृष्ठभाग जास्त. त्या आलेखाचा तुमच्या कढईशी संबंध नसतो. पेपर छापून येतो, कारखान्यात त्याचा उपयोग शून्य.

चालत्या कढईत टीपीसी ढकलला जातो तो इतर वेळी. सकाळी बर्नर लावून पीठ भिजायची वाट बघत कढई रिकामी तापते तेव्हा. जेवणाच्या सुट्टीत आच बारीक करून सोडतात तेव्हा. पावसाळ्यात मागणी पडली की अर्ध्या क्षमतेवर काम चालतं आणि भरपाई निम्म्यावर येते तेव्हा. शनिवारचं तेल डब्यात चुऱ्यासकट ठेवून सोमवारी परत चढवतात तेव्हा. म्हणून प्रश्न असा ठेवा: सतत भरपाई होणाऱ्या कढईत टीपीसी कोणत्या पातळीवर स्थिरावतो, आणि रिकाम्या तापण्याचा प्रत्येक तास त्या पातळीला किती वर सरकवतो? याचं उत्तर फक्त कारखान्यात मिळतं, विद्यापीठाच्या फ्रायरवर नाही. आणि मालकाला त्यातून थेट नियम मिळतो, की किती मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बर्नर बंद करायचा.

सांवेररोडकर
हे पटलं. भरपाईची नोंद आमच्याकडे "आज बारा डबे" अशी ठेवतात. तेवढं चालेल?

कढईवाला
नाही चालणार. डबा १५ किलोचा, शेवटचा अर्धा ओतलेला की पूर्ण, ते कोणी लिहीत नाही. भरपाईचं तेल वजनकाट्यावरून जाऊ द्या आणि वेळ लिहा. तापमानासाठी के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारे तारेचे सेन्सर) तीन: मधोमध, काठाला, आणि शेव पडते तिथे. लॉगर दर पाच सेकंदांना नोंद घेईल असा. पीठ पडताना तेल १० ते १५ अंश खाली जातं आणि पॅनेलवरचा आकडा ते दाखवत नाही, कारण सेन्सर बर्नरजवळ असतो. "१८० अंशांवर तळले" असं लिहिलेल्या प्रबंधांत ते १८० नेमके कुठले, हा प्रश्न तोंडी परीक्षेत येतोच.

बर्नर चालू-बंद झाल्याची वेळही लॉगरवरच घ्या. कारागिराला वहीत लिहायला सांगितलं तर तो पाळी संपल्यावर अंदाजे भरतो, त्यात त्याचा दोष नाही, हात पिठात असतात.

आणि पेरॉक्साइड व्हॅल्यूवर (तेलाच्या खवटपणाच्या नेहमीच्या चाचणीवर) विसंबू नका. तळणीच्या तापमानाला पेरॉक्साइड टिकत नाहीत, तयार झाले की फुटतात. त्यामुळे जळकं तेल पेरॉक्साइडमध्ये ताज्यासारखं दिसू शकतं. सोबत ॲनिसिडीन व्हॅल्यू (पेरॉक्साइड फुटून पुढे जे होतं ते मोजते) आणि ॲसिड व्हॅल्यू (मोकळी झालेली आम्लं मोजते) घ्या.

आकडेमोड
नमुन्यांबद्दल लिहितो, कारण कारखान्यातले बरेचसे प्रबंध इथेच आडवे होतात.

एका सकाळी एका कढईतून काढलेली तीन पाकिटं म्हणजे तीन नमुने नव्हेत. तो एकच नमुना तीनदा मोजला. बेसनाचा लॉट, तेलाचा टँकर, त्या दिवशीची हवा, सगळं एकच. यात येणारा फरक फक्त तुमच्या मोजमापाचा असतो, तळण्याच्या प्रक्रियेचा नसतो. स्वतंत्र पुनरावृत्ती म्हणजे वेगळा दिवस, वेगळा पीठ-लॉट, नव्याने भरलेली कढई.

समजा दोन तेलांची तुलना आहे, पामोलीन आणि राइस ब्रान, आणि तीन तापमानं, १६५, १७५, १८५. कारखान्यात एका दिवसात तेल बदलता येत नाही, कढई रिकामी करून धुवावी लागते. म्हणजे तेलाची तुलना दिवसा-दिवसांत होणार आणि तापमानाची एकाच दिवसाच्या आत. याला स्प्लिट-प्लॉट म्हणतात, आणि साधा टू-वे अनोव्हा (फरक तपासायची संख्याशास्त्रीय चाचणी) लावला तर तेलाचा फरक फुकटचा "लक्षणीय" निघतो. बेसनाचे तीन लॉट घेऊन सहा दिवस काम केलं तर तेलाच्या तुलनेसाठी फक्त २ डिग्री ऑफ फ्रीडम (चूक मोजायला उरलेली स्वतंत्र माहिती) उरतात, त्यात काहीच ठामपणे सांगता येत नाही. सहा लॉट, प्रत्येक लॉट दोन्ही तेलांत, एकूण बारा दिवस केलं तर ५ मिळतात. मालकांकडून बारा दिवसांची परवानगी आधीच घ्या. तीन दिवसांनंतर "झालं ना आता?" सुरू होतं.

तापमानाच्या क्रमाची एक गोची आहे. ९० किलो तेल १८५ वरून १६५ वर यायला वेळ लागतो, म्हणून कारागीर नेहमी चढत्या क्रमाने जातात. मग १८५ ला नेहमी दिवसातलं जुनं तेल मिळतं आणि तापमानाचा परिणाम कुठला, तेलाच्या वयाचा कुठला, हे वेगळं काढता येत नाही. तीन तापमानांचे क्रम सहाच होतात. प्रत्येक तेलाला सहा दिवस आहेतच, तर प्रत्येक क्रम एकेकदा वापरा. उतरत्या क्रमाच्या दिवशी निवायला लागणारा वेळ पाळीच्या वेळापत्रकात धरा आणि तो रिकाम्या तापण्यात मोजा.

गल्लेवाला
बारा दिवस कढई तुमच्या हवाली, म्हणजे माल विकायचा नाही का?

आकडेमोड
विकायचा की. तिन्ही तापमानं विक्रीच्या पट्ट्यात ठेवली आहेत ती त्यासाठीच. फक्त त्या बारा दिवसांत वरचा मसाला एकाच लॉटचा ठेवा, आणि तेल बदलल्याच्या दिवशी पाकिटावर घटक पदार्थांत तेच तेल छापलेलं आहे ना, ते बघा. पामोलीन छापलेल्या पाकिटात राइस ब्रानमधली शेव भरली तर प्रयोगाचं लेबलिंगचं प्रकरण होईल.

कलमदान
करार. वर शिकंजी ताई म्हणाल्या तशी एनओसी वेगळी आणि करार वेगळा. करार तिघांत हवा: विद्यापीठ, कंपनी आणि विद्यार्थिनी. विद्यापीठाच्या वतीने सही कुलसचिवांची किंवा ज्यांना अधिकार दिला आहे त्यांची. गाइडची सही विद्यापीठाला बांधत नाही, आणि गाइड बदलले की तो कागद निरुपयोगी.

यात भांडणं कुठे होतात तेवढंच सांगतो.

पहिलं म्हणजे प्रकाशन. "कंपनीच्या परवानगीशिवाय काहीही प्रसिद्ध करू नये" असं कलम वकील घालतो आणि प्रबंधच अडकतो. त्याऐवजी लिहा: मजकूर कंपनीला दाखवायचा, कंपनीने ३० दिवसांत गोपनीय भाग दाखवून द्यायचा, उत्तर आलं नाही तर संमती गृहीत. आणि प्रबंध सादर करणं कोणत्याही परिस्थितीत थांबवता येणार नाही, हे वेगळं वाक्य हवं. मालकांना हेही सांगा की निकाल जाहीर होण्याआधी विद्यापीठ प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे देतं आणि तो शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर येतो. कपाटात ठेवायचा प्रबंध असा प्रकार आता नाही.

मसाल्याचं प्रमाण लपवता येतं, पण एका अटीवर: मसाला हा अभ्यासाचा विषय नसला पाहिजे. "मसाला मिश्रण, पिठाच्या इतके टक्के, सर्व घाण्यांत एकच लॉट" असं लिहिलेलं परीक्षक मान्य करतो. मसाल्यामुळे तेल टिकतं असा दावा करायचा असेल तर घटक उघड करावेच लागतील, नाहीतर दुसरा कोणी तो प्रयोग करून बघू शकत नाही आणि मग ते संशोधन राहत नाही. तुमच्या मालकांची अट बघता मसाला विषयातून बाहेरच ठेवा.

दुसरं, नोकरी सुटली तर? याच्यावर लोक बोलायला लाजतात. सहा वर्षांत मुलगी दुसऱ्या कंपनीत जाऊ शकते, लग्न होऊन पुण्याला जाऊ शकते, कारखाना विकला जाऊ शकतो. तोपर्यंत जमलेली आकडेवारी प्रबंधापुरती वापरायचा तिचा हक्क कायम राहील, हे लिहून घ्या. कच्च्या नोंदींची एक प्रत दर सत्राला विभागात जमा होईल, हेही लिहा. संशोधन सल्लागार समितीसमोर दर सत्राला सादरीकरण असतंच, त्याच दिवशी हे काम उरकता येतं.

तिसरं, पेटंट. नुसतं बेसनात सोया किंवा नाचणी मिसळली म्हणून पेटंट मिळत नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३(ई) प्रमाणे गुणांची नुसती बेरीज होणारं मिश्रण पेटंटपात्र नाही, एकत्र आल्यामुळे बेरजेपेक्षा वेगळं काही घडतं हे आकड्यांनी दाखवावं लागतं. पारंपरिक ज्ञानासाठी कलम ३(पी) आहेच. प्रक्रियेत किंवा यंत्रात काही नवं सापडलं तर सादरीकरणाआधी तात्पुरता अर्ज टाका आणि १२ महिन्यांत पूर्ण अर्ज. प्रबंधपूर्व सादरीकरण सगळ्या प्राध्यापकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी खुलं असतं, तिथे स्लाइड दाखवली की नावीन्य गेलं असं धरून चाला.

पैशाचं एक सांगून थांबतो. कागदावर "कन्सल्टन्सी" लिहिलं की १८ टक्के जीएसटी. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३५ खाली अधिसूचित असलेल्या विद्यापीठांना अनुदानातून केलेल्या संशोधनावर ऑक्टोबर २०२४ पासून सूट आहे. म्हणून कागदाचं शीर्षक काय आणि विद्यापीठ त्या यादीत आहे का, हे लेखा विभागाला विचारून ठरवा. सीएसआरच्या (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या) खात्यातून हा खर्च टाकायचा मोह होतो, तो टाळा. कंपनीच्या स्वतःच्या धंद्याचं काम सीएसआरमध्ये बसत नाही.

लष्करकर
पैशावरून आठवलं, पंतप्रधान डॉक्टरेट संशोधन फेलोशिपचं नाव कोणीतरी काढेलच. तिची रचना अर्धे पैसे सरकारचे, अर्धे कंपनीचे अशी आहे, पण ती पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी. पगार घेणाऱ्या मुलीला तिचा उपयोग नाही. डेन्मार्कमध्ये औद्योगिक पीएचडीत विद्यार्थी कंपनीचाच नोकर असतो आणि पगाराचा काही भाग सरकार कंपनीला देतं. आपल्याकडे नोकरीत राहून करायचं तर पार्टटाइम हाच सरळ रस्ता.

सोयापुराण
मालकांना नवीन उत्पादनाची हौस असेल तर माळव्यात बसून सोयाबीन सोडू नका. बेसनाच्या शेवेत सोयापीठ घालणं जुनं झालं, पण इथल्या संस्थेने काढलेले एनआरसी १२७ (कुनिट्झ ट्रिप्सिन इन्हिबिटर, म्हणजे प्रथिनं पचू न देणारा घटक, नसलेला) आणि एनआरसी १४२ (तो नाही आणि लिपॉक्सिजनेज-२ हे सोयाचा उग्र वास आणणारं एन्झाइमही नाही) हे वाण हाताशी आहेत. साध्या सोयाबीनला इन्हिबिटर मारायला चांगली उष्णता द्यावी लागते, त्यात पिठाची प्रथिनं पाणी धरण्याचे गुण गमावतात आणि शेव यंत्रातून तुटत पडते. या वाणांना उष्णता कमी देऊन भागेल का, आणि त्या पिठाची शेव कशी पडते, हा प्रश्न प्रबंधाच्या लायकीचा आहे. युरीएज चाचणीवर थांबू नका, ती उष्णता पुरेशी दिली का तेवढंच सांगते, जास्त झाली का ते नाही. त्यासाठी केओएचमधली (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातली) प्रथिन-विद्राव्यता बघा.

कारखान्यासाठी धोक्याची गोष्ट म्हणजे सोया ॲलर्जेनच्या यादीत आहे. त्याच यंत्रातून नंतर साधी शेव काढली तर ॲलर्जेनची पाटी तिच्याही पाकिटावर येऊ शकते.

शिकंजी
सोयापुराण, विषय उत्तम, पण यांना नको. वाण वेगळा पिकवून, वेगळा साठवून आणावा लागेल, आणि मालकांना कढईत रस आहे.

सांवेररोडकर, कढईवाल्यांचा प्रश्न घ्या आणि त्याला तीन पायऱ्यांत बांधा. आधी काहीही न बदलता कढईचं निरीक्षण, चारही ऋतूंत नाही तरी उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळीआधीची घाई एवढं यायला हवं. मग आकडेमोड म्हणतात तो बारा दिवसांचा प्रयोग. आणि शेवटी त्या तेलातली शेव किती टिकते ते. तेल आत कधी शिरतं हे वेगळं प्रकरण होऊ शकतं: तळताना बाहेर पडणारी वाफ तेलाला आत येऊ देत नाही, शेव बाहेर काढल्यावर आतली वाफ निवते आणि पृष्ठभागावरचं तेल ओढून घेते. म्हणून निथळण्याचे पहिले काही सेकंद महत्त्वाचे. गरम शेव हलत्या चाळणीवर आणि स्थिर चाळणीवर, एवढी तुलना केली तरी मालकांना हातात काहीतरी मिळेल.

टिकाऊपणात एक घोळ नेहमी होतो. ३८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये पाकिटं ठेवतात आणि त्यावरून खवटपणाचे महिने काढतात. ती परिस्थिती पाकीट किती दमट हवा आत सोडतं ते सांगते. शेव सादळणं आणि शेव खवट होणं ही दोन वेगळी घड्याळं आहेत. खवटपणासाठी किमान तीन तापमानं घ्या, २५, ३५, ४५. साठ अंशांवर घाई करू नका, तिथे बिघाडाची रासायनिक वाटच बदलते आणि खाली आणलेलं गणित खोटं ठरतं. पाकिटात नायट्रोजन भरता तर दर वेळी उरलेला ऑक्सिजन मोजून लिहा, नाहीतर एका पाकिटाचा सील कच्चा आणि त्यावरून तेलाला नावं.

चव घेणाऱ्यांचं पॅनेल बसवायचं तर विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आधी हवी. माणसांवर चाचणी आहे, शेव असली तरी. नियतकालिकं मंजुरीचा क्रमांक मागतात आणि मागच्या तारखेची मंजुरी कोणी देत नाही. २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती राहिलेली नाही, पण अनेक विद्यापीठांच्या अध्यादेशात ती अजून आहे.

सांवेररोडकर
सगळ्यांचे आभार. मालकांशी बारा दिवसांचं बोललो, दिवाळीनंतर मान्य आहे. कलमदान यांचं नोकरी सुटण्याचं कलम वाचून जरा चेहरा पडला, पण "लिहा" म्हणाले. एक शेवटचं: टीपीसीसाठी हातातला प्रोब पुरेल की विद्यापीठात कॉलमच करायचा?

कढईवाला
दोन्ही. प्रोब तेलाचा विद्युत गुणधर्म मोजून टीपीसीचा अंदाज देतो. प्रत्यक्ष मोजणी म्हणजे सिलिकाच्या कॉलममधून नॉनपोलर भाग वेगळा करून वजन घेणं. रोजच्या नोंदी प्रोबने घ्या, आणि प्रत्येक तेलासाठी ताज्यापासून खराबपर्यंत पंधरा-वीस नमुने दोन्ही पद्धतींनी करून आपली स्वतःची जोडरेषा काढा. पामोलीनची रेषा राइस ब्रानला लावू नका, ताज्या तेलाचाच आकडा वेगळा असतो.

प्रोब घालताना घाणा काढून पाच मिनिटं थांबा, बुडबुडे पूर्ण बसले पाहिजेत. तेलात पाण्याचा अंश असेल तर आकडा उगाच वर जातो. प्रोब कढईच्या तळाला किंवा काठाला टेकवू नका, थोडा हलवत धरा, आकडा स्थिरावू द्या. दोन मोजणींमध्ये कागदाने पुसा, नाहीतर मागच्या तेलाचा थर पुढच्यात मोजला जातो.

कॉलमसाठीचं तेल साठेक अंशांपर्यंत निवलं की चुरा गाळून १०० मिलीच्या तपकिरी काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा, वर नायट्रोजन फुंका, उणे २० मध्ये ठेवा. पत्र्याचं झाकण नको, टेफ्लॉनच्या अस्तराचं घ्या. बाटलीवर दिवस, वेळ, बेसनाचा लॉट आणि शेवटची भरपाई किती वाजता झाली ते पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई तेलकट हाताने पुसली जाते.